कृष्णधवल रोल मिळेनासा झाला तेव्हा

आपल्यापैकी बहुतेकींच्या घरी लोखंडी कपाटाच्या तळाशी, शालूच्या घडीखाली, जाड पुठ्ठ्याचा एक अल्बम असतो. पानं काळी, दोन पानांमध्ये नक्षीचा पातळ कागद, आणि फोटोंच्या चारी कोपऱ्यांना तिकोनी कॉर्नर. स्वतःचा नसला तर सासूबाईंचा असतो, आईचा असतो. पाहुणे आले आणि पाऊस लागला की तो बाहेर निघतो. आता एक गंमत बघा. १९७५-७६ च्या लग्नातला कृष्णधवल फोटो काल काढल्यासारखा स्वच्छ असतो. नवरदेवाच्या मुंडावळ्यांतला मोती न् मोती मोजून घ्यावा! आणि त्यानंतर दहा वर्षांनी काढलेले बारशाचे रंगीत फोटो मात्र पार लालसर पडलेले असतात. हिरवी साडी तपकिरी दिसते आणि बाळ टोमॅटोसारखं.

कारण अगदी साधं आहे. कृष्णधवल फोटोतला काळा रंग हा रंग नव्हेच, ती चांदी असते. शुद्ध चांदीचे अतिबारीक कण. रंगीत फोटोत चांदी धुऊन काढतात आणि मागे उरतात ते नुसते रंग. कच्च्या रंगाची साडी जशी विटते तसे तेही विटतात. म्हणजे आपल्या घरातली चांदी केवळ देव्हाऱ्यात आणि जोडव्यांत नसते, अल्बममध्येही असते, हे आपल्या कधी ध्यानातच येत नाही.

पण हे फोटो काढणाऱ्यांचं पुढे काय झालं? पाटा-वरवंटा गेला आणि मिक्सर आला तेव्हा आपला त्रास वाचला, काम तेच राहिलं. या लोकांचं तसं नव्हतं. ज्या वस्तूवर त्यांचा हात बसला होता, ती वस्तूच बाजारात येईनाशी झाली.

आमच्या सांगलीत पेठेत एक जुना स्टुडिओ आहे. काका पंचाहत्तरीकडे झुकलेले, पण अजून रोज सकाळी दहाला फळी उघडतात. पासपोर्टचे फोटो, आधार कार्डाचं लॅमिनेशन, झेरॉक्स, असं काय काय चालतं. वडिलांच्या हाताखाली शाळकरी वयातच त्यांनी डार्करूमचं काम धरलं. "काय सांगू ताई," ते म्हणतात, "आमच्याकडं एका लग्नाला चार रोल. एका रोलात बारा फोटो. म्हणजे अठ्ठेचाळीस फोटोंत अख्खं लग्न बसवायचं. आता एका हळदीला दोन हजार काढतात आणि बघत कोणी नाही."

बारा फोटोंचा हिशेब म्हणजे १२० नंबरचा रोल. स्टुडिओवाल्यांच्या गळ्यात याशिका असे, वरून खाली वाकून बघायचा. हौशी घरांत असे आगफाचा क्लिक थ्री. बडोद्याला बनणारा हा साधा डबा पुष्कळांच्या मामाकडे नाहीतर काकाकडे असायचाच. रोल बहुतेक परदेशी. कोडॅक, इलफर्ड, आगफा, आणि पूर्व जर्मनीचा ओर्वो. आयातीवर बंधनं होती, त्यामुळे रोल जपून वापरावा लागे. फोटोग्राफर "हलू नका, हलू नका" म्हणून का ओरडायचा, ते आता कळलं ना?

आपल्या देशातही रोल बनत असे, बरं का! सरकारने १९६० साली हिंदुस्तान फोटो फिल्म्स ही कंपनी काढली आणि फ्रान्सच्या बोशे कंपनीच्या मदतीने उटीला कारखाना उभारला. १९६७ साली तिथे माल निघू लागला. उटीच का, तर थंड आणि धूळ नसलेली हवा. फिल्मवर धुळीचा एक कण बसला तरी फोटोत तो वाटाण्याएवढा दिसायचा. मालाचं नाव ठेवलं होतं 'इंदू', आणि वसाहतीचं नावही इंदूनगर. नाव किती गोड! रोल, फोटोचा कागद, सिनेमाची कृष्णधवल फिल्म, एक्स-रेची फिल्म, सगळं तिथे होई. पण पुढे रंगीतची लाट आली, आयात खुली झाली, आणि नव्वदच्या दशकात हा कारखाना आजारी उद्योगांच्या यादीत गेला. पुढची वीस वर्षं तो नुसता धुगधुगी धरून होता, मग तोही कायमचा बंद झाला. काकांच्या फडताळात इंदूच्या कागदाचा एक रिकामा डबा अजून आहे. त्यात आता ते बटणं आणि सुया ठेवतात.

रोल म्हणजे नक्की काय असतं ते थोडं सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर अवलंबून आहे. पारदर्शक पट्टीवर जिलेटिनचा पातळ थर, आणि त्या थरात चांदीचे क्षार पेरलेले. आपण जेलीत फळांच्या फोडी घालतो, तसंच काहीसं. जिलेटिन येतं जनावरांच्या हाडांपासून आणि कातड्यांपासून. त्याची एक मजेदार हकिगत आहे. १९२० च्या सुमारास कोडॅकच्या लोकांना दिसलं, की काही जिलेटिनची फिल्म झटकन प्रकाश पकडते आणि काहीची मंद असते. सॅम्युअल शेपर्ड नावाच्या शास्त्रज्ञाने शोध घेतला तेव्हा कळलं, की चांगल्या जिलेटिनमध्ये मोहरीच्या तेलात असतात तसले गंधकाचे अंश आहेत. जनावरांच्या चाऱ्यातून ते आलेले! गाईंना मोहरी आवडली नसती तर सिनेमे निघाले नसते, असा विनोदच मग त्या कंपनीत झाला. फोडणीतल्या मोहरीची कामगिरी इतकी लांब पोचलेली आहे.

तर हा थर देणारी यंत्रं प्रचंड मोठी असतात. एकदा सुरू केली की मैलच्या मैल फिल्म निघते. मंगल कार्यालयातलं मोठं पातेलं वाटीभर भातासाठी कोणी चुलीवर चढवत नाही. गिऱ्हाईक कमी झालं तेव्हा कंपन्यांनी एकेक पातेलं उतरवायला सुरुवात केली.

आधी घाव आला तो रंगीत लॅबचा. शहरात आणि मग तालुक्याच्या गावी यंत्रावर एका तासात फोटो मिळू लागले. कृष्णधवलचं काम हाताचं आणि अंधारातलं. ते मागे पडलं. पुढे डिजिटल कॅमेरा आला आणि २००४-०५ ही दोन वर्षं तर फोटोग्राफरांच्या लेखी संक्रांतच होती. २००४ साली इंग्लंडची इलफर्ड कंपनी दिवाळखोरीच्या दारात उभी राहिली. २००५ साली कोडॅकने कृष्णधवल फोटोचा कागद बनवणं थांबवलं आणि त्याच वर्षी जर्मनीची आगफाफोटो बुडाली. २०११ मध्ये कोडॅकचा प्लस-एक्स गेला, पुढच्याच जानेवारीत कोडॅकने स्वतःच दिवाळखोरीचा अर्ज केला. २०१३ मध्ये फुजीचा निओपॅन ४०० संपला.

आता तुम्ही म्हणाल, एक रोल गेला तर दुसरा घ्यावा, त्यात काय एवढं? काकांना मीही हेच विचारलं. त्यांनी उलट मलाच विचारलं, "तुमच्या घरचा कांदा-लसूण मसाला दरवर्षी एकाच मिरचीचा करता ना? ती मिरचीच बाजारातून गेली तर?"

खरंच की! संकेश्वरीच्या जागी ब्याडगी आली तर रंग येईल, पण तिखट कमी. मग धन्याचं प्रमाण बदला, तेल बदला, सगळ्याचा अंदाज नव्याने घ्या. फोटोवाल्याचंही तंतोतंत तसंच असतं. अमुक रोल, तमुक डेव्हलपर, इतकं पाणी, इतकी मिनिटं, हे त्याचं वर्षानुवर्षं बसलेलं प्रमाण. डी-७६ या पावडरीत रोल धुवायचा तर पाणी वीस अंशांवर हवं. सांगलीत एप्रिलमध्ये नळाला बत्तीस अंशांचं पाणी येतं! पाणी गरम असलं की काम भराभर होतं, फोटो काळे पडतात आणि जिलेटिन मऊ होऊन निसटतं. म्हणून उन्हाळ्यात काका रात्री अकरानंतर रोल धुवायचे. पाणी माठातलं, आणि ट्रेच्या खाली परातीत बर्फ. बर्फ आणायचं काम काकूंचं.

काकूंबद्दल कोणी लिहीत नाही, म्हणून मी लिहिते. डार्करूममधून ओले फोटो बाहेर आले की पुढचं सगळं त्या बघायच्या. हौदात तास-तासभर फोटो खळबळून धुवायचे, कारण हायपो नीट निघाला नाही तर काही वर्षांनी फोटो पिवळा पडतो. मग चकचकीत पत्र्यावर ओला फोटो पालथा घालून रूळ फिरवायचा. वाळला की तो पापडासारखा आपोआप टण्‌दिशी सुटायचा आणि त्यावर काचेसारखी चकाकी यायची. नंतर कातर कडेच्या कात्रीने कापायचे, अल्बममध्ये लावायचे. त्यांच्या बोटांना मेटॉल नावाच्या रसायनाने कायमची खाज लागली. लग्नसराईत पोळ्या लाटताना बोटांना कापडी पट्ट्या बांधलेल्या असायच्या. स्टुडिओच्या पाटीवर नाव काकांचं आणि त्यांच्या वडिलांचं.

होमाई व्यारावाला हे नाव तुम्ही ऐकलं असेल. १९१३ साली नवसारीला जन्मलेल्या, मुंबईत जे. जे. मध्ये शिकलेल्या या पारशी बाई भारतातल्या पहिल्या महिला वृत्तछायाचित्रकार. सुरुवातीला त्यांचे फोटो त्यांच्या यजमानांच्या नावाने छापून येत. पुढे त्यांनी 'डालडा १३' असं टोपणनाव घेतलं. ते तुपाच्या डब्यावरून नव्हे हं! त्यांच्या गाडीचा नंबर डीएलडी १३ होता. १९७० साली त्यांनी कॅमेरा खाली ठेवला तो ठेवलाच, म्हणजे रोल बंद होण्याचे दिवस फोटोग्राफर म्हणून त्यांना बघावे लागले नाहीत. २०११ मध्ये त्यांना पद्मविभूषण मिळालं आणि पुढच्याच वर्षी बडोद्याला त्या गेल्या. स्वातंत्र्याच्या वेळचे त्यांचे फोटो आज आपण पाहतो ते अर्थातच कृष्णधवल आणि चांदीतले.

मग रोल मिळेनासा झाल्यावर लोकांनी केलं काय? ज्याची त्याची तऱ्हा निराळी. साठा करणं ही पहिली. आपण वर्षाचा गहू भरतो तसे काहींनी रोल भरून ठेवले आणि कुठे, तर घरच्या फ्रिजमध्ये. कोथिंबिरीशेजारी रोलचे डबे! थंडाव्यात फिल्म जास्त दिवस टिकते हे खरं आहे. पण बाहेर काढल्याबरोबर डबा उघडायचा नाही, काही तास तसाच ठेवायचा, नाहीतर थंड फिल्मवर दव धरतं. काकांनीही पन्नासेक रोल भरले होते. "पण रोल भरून काय उपयोग," ते म्हणतात, "गिऱ्हाईकच रंगीत मागायला लागलं. शेवटचे दहा-बारा मी माझ्याच हौसेनं नदीवर काढून संपवले. आयर्विन पूल, सकाळचं धुकं."

मधल्या काळात एक तोडगा निघाला होता. कृष्णधवलच, पण रंगीत लॅबच्या यंत्रात धुता येईल असा रोल. इलफर्डचा एक्सपी २ त्यातलाच, तो अजून मिळतो. कोडॅकचाही होता, तो २०१४ मध्ये बंद झाला. या रोलमुळे डार्करूम नसली तरी चालायचं. काकांना तो मुळीच पटला नाही. लॅबमधून फोटो यायचा तो कधी हिरवट, कधी तपकिरी झाकेचा. "काळं ते काळंच दिसायला पाहिजे," हे त्यांचं म्हणणं. मला विचाराल तर त्यात थोडा हट्ट होता. दोन पैसे मिळवायचे दिवस त्यांनी त्या हट्टात घालवले, असं काकूंचंही मत आहे.

मोठ्या माणसांचं काय झालं? सेबास्तियाओ साल्गादो हे ब्राझीलचे नामवंत छायाचित्रकार, आयुष्यभर कृष्णधवल काम केलेले. जगभर फिरताना विमानतळावर तपासणीच्या एक्स-रे यंत्रातून पुन्हा पुन्हा गेल्याने रोल खराब होऊ लागले. शेवटी २००८ मध्ये 'जेनेसिस' या मोठ्या कामाच्या मध्यावर त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला. पण सवय कशी असते बघा! संगणकाच्या पडद्यावर फोटो निवडणं त्यांना जमेना. मग डिजिटल फोटोंचेच छोटे छोटे ठसे कागदावर काढून, पूर्वीसारखं भिंगातून बघून ते निवड करत. २०२५ च्या मे महिन्यात ते वारले. आपल्या मुंबईच्या केतकी शेठ यांनीही वर्षानुवर्षं रोलवर कृष्णधवल काम केलं. जुळ्या भावंडांचे, मुंबईच्या रस्त्यांचे, सिद्दी समाजाचे. नंतर त्यांनी डिजिटल कॅमेरा घेतला, रंगीत फोटो काढले, आणि ते कशाचे? तर देशभर तग धरून राहिलेल्या जुन्या फोटो स्टुडिओंचे. २०१८ साली 'फोटो स्टुडिओ' या नावाने ते पुस्तकरूपाने आले.

पण सगळीकडे रडगाणंच आहे असं नाही. इलफर्डचं बघा. कंपनी बुडाली तेव्हा तिथल्याच काही अधिकाऱ्यांनी २००५ मध्ये कृष्णधवलचा धंदा विकत घेतला आणि संस्थापक आल्फ्रेड हारमन यांचं नाव नव्या कंपनीला दिलं. आजही चेशायरमधल्या त्यांच्या कारखान्यात कृष्णधवल फिल्म निघते. जुन्या अवाढव्य कॅमेऱ्यांना लागणाऱ्या आडमापाच्या फिल्मसाठी ते वर्षातून एकदा जगभरच्या मागण्या गोळा करतात आणि मग एकदाच कापतात. आपण गल्लीतल्या चौघीजणी मिळून एकदाच शेवयांचं पीठ दळून आणतो ना, तसंच! फुजीने २०१८ मध्ये आपला शेवटचा कृष्णधवल रोल अॅक्रॉस बंद केला. लोकांची मागणी एवढी आली, की २०१९ च्या अखेरीस तो नव्या रूपात परत आणावा लागला. कोडॅकचा १९५४ पासूनचा ट्राय-एक्स रोल तर या सगळ्या पडझडीत टिकूनच आहे. कॉलेजची मुलं हल्ली आजोबांचा कॅमेरा माळ्यावरून काढतात आणि मुंबईहून रोल मागवतात. किंमत मात्र अशी, की एका रोलच्या पैशात चौकोनी कुटुंबाची आठवड्याची भाजी येईल.

हे झालं हौसेचं. गावोगावच्या साध्या स्टुडिओवाल्यांना याचा काही उपयोग झाला नाही. त्यांच्याकडे मागे उरल्या त्या निगेटिव्ह. खोकीच्या खोकी. आणि इथे पुन्हा चांदी आडवी आली.

रोल धुतल्यावर वापरलेल्या हायपोच्या पाण्यात बरीचशी चांदी उतरते. पूर्वी महिन्यातून एकदा माणूस येऊन ते पाणी कॅनमध्ये भरून विकत नेई. त्यात लोखंडी काथ्या, आपण भांडी घासतो तशा, टाकून ठेवल्या की लोखंड विरघळतं आणि चांदी खाली बसते. स्टुडिओवाल्यांची ती वरकड कमाई. रोलच बंद झाल्यावर पाणी कुठलं यायचं? मग हे खरेदीदार जुन्या निगेटिव्ह मागू लागले. किलोवर! कित्येक स्टुडिओ बंद होताना मुलांनी वडिलांची खोकी अशीच देऊन टाकली. एकेका खोक्यात शे-दोनशे लग्नं, मुंजी, आणि मुलींचे 'दाखवायचे' फोटो. पोत्यात भरून गेली, जळली, चांदीचा गोळा झाला. नव्या मुलांना दोष द्यावा असंही मला वाटत नाही. जागेचं भाडं कोण भरणार? पण नेण्याआधी एकदा गावात सांगायला काय हरकत होती, असं मात्र वाटतंच.

काकांनी दिल्या नाहीत. पोटमाळ्यावर आणि मागच्या खोलीत रॅकवर त्यांनी वर्षवार लावून ठेवल्या होत्या, वहीत नाव, तारीख आणि नंबर. २०१९ च्या ऑगस्टमध्ये कृष्णेचं पाणी पेठेत शिरलं तेव्हा खालचे दोन रॅक बुडाले. पाणी ओसरल्यावर काका-काकूंनी चिखलातून पाकिटं काढली. ओलं जिलेटिन फुगतं आणि एकमेकांना चिकटतं. वाळलं की मग सुटतच नाही. म्हणून ती त्यांनी वाळू दिली नाहीत. बादल्यांत गार स्वच्छ पाणी घेऊन एकेक पट्टी अलगद सुटी केली, धुतली आणि गच्चीवर कपड्यांच्या दोरीवर चिमटे लावून टांगली. आठ-दहा दिवस हेच चाललं होतं. निम्म्याच्या वर वाचल्या. स्वतःच्या घरचं धान्य त्या वेळी ओलंच पडलं होतं, हे काकू हसत सांगतात. पण पूर्ण हसत नाहीत.

माझ्याबरोबर शाळेत शिकवणारी एक मैत्रीण आहे. तिचं घर त्याच पुरात छतापर्यंत बुडालं. आई ती नऊ वर्षांची असताना गेलेली. आईचे घरात मोजके फोटो होते, ते सगळे गेले. कोणीतरी सांगितलं म्हणून ती काकांकडे आली. नंबर कुठून देणार, फोटोच नव्हता! आईचं माहेरचं नाव आणि अंदाजे साल एवढंच तिला ठाऊक होतं. काकांनी वही काढली. वही पोटमाळ्यावर होती म्हणून वाचलेली. दोन दिवसांनी त्यांचा फोन आला, सापडली म्हणून. १९७९ ची निगेटिव्ह, आईचा लग्नाआधीचा, स्थळाकडे पाठवायला काढलेला फोटो.

तेव्हाच्या पद्धतीप्रमाणे त्याला 'टचिंग' केलेलं होतं. निगेटिव्हवर जिथे शिसपेन्सिल फिरवावी तिथे फोटो उजळ येतो. त्यामुळे मुलीच्या डोळ्यांखालची काळी वर्तुळं, डाग, चेहऱ्यावरचे व्रण पेन्सिलीने बुजवून टाकत आणि मुलगी 'उजळ' करून पाठवत. किती जणींचे खरे चेहरे या पेन्सिलीखाली गेले असतील कोण जाणे! काकांनी निगेटिव्ह उजेडावर धरून मैत्रिणीला दाखवली. "हनुवटीवर इथं तीळ होता, वडिलांनी बुजवलाय," ते म्हणाले. ती म्हणाली, "तीळ मला आठवतो. झोपताना मी त्याच्यावर बोट ठेवायची."

काकांनी टर्पेंटाइनचा बोळा घेऊन पेन्सिल पुसली.

आधी त्यांनी निगेटिव्ह संगणकावर घेऊन लॅबमधून फोटो आणवला. तो जरा हिरवट आला. मैत्रिणीला त्याचं काहीच वाटलं नाही, ती तोच घेऊन निघाली होती. काकांना मात्र चैन पडेना. त्यांनी मुंबईहून इलफर्डच्या कागदाचं एक पाकीट मागवलं, तेरा-चौदा वर्षांनी डार्करूममधली अडगळ बाहेर काढली, लाल दिवा लावला. बर्फ लागला नाही, डिसेंबर होता. धुवायला काकू होत्याच. त्या पाकिटातले उरलेले कागद काकांनी काळ्या पिशवीत गुंडाळून ठेवलेत. अशी आणखी गिऱ्हाइकं आली तर, म्हणून.

आता आपल्या घरातल्याबद्दल. जुन्या निगेटिव्ह अल्बमच्या मागच्या खिशात नाहीतर औषधांच्या डब्यात पडलेल्या असतात. त्या काढून साध्या कागदाच्या पाकिटात एकेक पट्टी वेगळी ठेवा. मऊ प्लॅस्टिकच्या पिशवीत चिकटतात. स्वयंपाकघरावरच्या माळ्यावर उष्णता असते आणि न्हाणीघराशेजारी दमट हवा. दोन्ही जागा वाईट. लोखंडी कपाटाचा मधला खण चांगला, बरोबर सिलिका जेलच्या पुड्या. पाकीट उघडल्यावर व्हिनेगरसारखा आंबट वास आला तर ती फिल्म खराब होऊ लागली आहे असं समजा. ती बाकीच्यांपासून लगेच दूर ठेवा, कारण त्या वाफेने शेजारच्याही बिघडतात, आणि तिची नक्कल आधी करून घ्या. बुरशी दिसली तर ओल्या फडक्याने पुसू नका, जिलेटिन निघून येईल. कोरड्या मऊ ब्रशने जेवढं जाईल तेवढंच. आणि जुना फोटो टिकावा म्हणून लॅमिनेशन मुळीच करू नका. एकदा चिकटलं की ते फोटोसकटच निघतं.

पुरात किंवा गळतीने फोटो भिजलेच तर काकूंची रीत ध्यानात ठेवा. वाळू न देता गार पाण्यात सुटे करायचे आणि चित्राची बाजू वर ठेवून कापडावर पसरायचे. उन्हात नको. हातात वेळ नसेल तर प्लॅस्टिकच्या पिशवीत घालून फ्रीझरमध्ये ठेवले तरी चालतं, नंतर सवडीने सोडवता येतात.

घरच्या घरी निगेटिव्ह बघायची असेल तर मुलांना सांगा. एका मोबाइलचा पडदा पांढरा करून उजेड पूर्ण वाढवायचा, त्यावर पेला उपडा ठेवतो तेवढ्या उंचीवर दुधी काच किंवा ट्रेसिंग पेपर, त्यावर निगेटिव्ह, आणि दुसऱ्या मोबाइलने जवळून फोटो. मग मोबाइलमध्येच रंग उलटे करायचे. छपाईला तो फारसा उपयोगी नाही, पण कोण आहे ते ओळखू येतं, आणि कुठली निगेटिव्ह चांगल्या ठिकाणी स्कॅन करायला द्यावी हे ठरवता येतं.

आणखी एक. अल्बममधला फोटो कॉर्नरमधून अलगद काढून उलटा करून बघा. मागे स्टुडिओचा शिक्का असतो आणि कोपऱ्यात पेन्सिलीने लिहिलेला नंबर. स्टुडिओ अजून चालू असेल तर तो नंबर घेऊन या दिवाळीच्या आत एकदा जाऊन या. दिवाळीच्या साफसफाईत पहिली खोकी बाहेर जातात ती हीच.